रानाच्या काठावर (भाग ६) : उसातलं रान

मागच्या भागात आपण रतनगडाच्या पायथ्याशी होतो. तिथे काठ डोळ्यांना दिसतो. भाताची खाचरं संपतात आणि झाडी सुरू होते. मधल्या वाटेवर शेंदूर फासलेला वाघोबा असतो. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात. हद्द ठरलेली आणि हद्दीवरचा देवही ठरलेला.

आता प्रवरेच्या धारेने खाली उतरू. अकोले, संगमनेर, मग राहाता, राहुरी, श्रीरामपूर. इथून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य मागे, लांब राहतं. तरीही दिवस मावळला की बिबट्याच्या धास्तीने वस्तीवरची बाई अंगणातल्या पोराला हाक मारून आत घेते. काठ इथवर आला कसा?

पाटाच्या पाण्याने आला. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेचे कालवे बारमाही झाले. १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिथे बाजरी उभी राहायची, तिथे ऊस आला. बाजरी तीन-चार महिन्यांत निघते. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, माणसाच्या डोक्यावरून जातो, आत गारवा धरतो, आणि पाणी शेजारीच. बिबट्याला यापेक्षा वेगळं जंगल कशाला हवं? त्याची मादी उसातच विते. तोड सुरू झाली की कोयत्याच्या पुढ्यात पाचटात पिल्लं सापडतात. अशा वेळी वन विभागाची माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवून लांब थांबतात. बहुतेकदा मादी येते आणि एकेक उचलून नेते. पिल्लं गायब झाली तर ती वस्तीभोवती घुटमळत राहते, म्हणून ही धडपड.

हे बिबटे वाट चुकून आलेले पाहुणे नाहीत. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात, असा हा भाग. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि तितकेच तरस. पुढे विष्ठेवरून बिबट्याचं खाणं तपासलं, तेव्हा त्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, पण त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. कारण साधं आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकळं असतं. गोठ्याच्या दाराची कडी किती कामाची असते, ते या दोन आकड्यांत आहे.

मग गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी कशाची होते? पिंजऱ्याची. ज्याचं पोर अंगणात खेळतं, त्याला दुसरं काय सुचणार? पण शेजारच्या जुन्नर वनविभागाचा अनुभव पाहा. धरलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडायला २००१ मध्ये सुरुवात झाली. त्याआधी तिथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत, नंतरच्या काळात सतरा झाले. उचललेला प्राणी अनोळखी मुलखात बिथरतो, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा येतो. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या आठवतो? गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला.

मग करायचं काय? वस्तीला टेकलेला ऊस थोडा मागे सारायचा. गोठा वरून-खालून बंद करायचा. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकून कुत्री पोसायची नाहीत. पोराला अंधारात एकटं परसाकडे पाठवायचं नाही. हे सगळं शेतकऱ्याच्या हातातलं आहे. एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नाही. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की त्याला रात्रीच दारं धरायला जावं लागतं. हातात बॅटरी, पाय चिखलात, पाणी वळवायला वाकलेला. वाकलेला माणूस बिबट्याला माणसाएवढा दिसत नाही. दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणून निव्वळ सोयीची नाही, जिवाची आहे.

आपल्या बोलीत ‘रानात चाललो’ म्हणजे शेतात चाललो, आणि रान म्हणजे जंगलही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ प्रवरेकाठी आता एकाच सरीत नांदतात. वरच्या गावांत हद्दीवर वाघोबा बसवला होता. खालच्या गावांना आपली हद्द रोज संध्याकाळी, गोठ्याची कडी लावताना, नव्याने आखावी लागते.

(पुढच्या भागात : त्याच शिवारात राहूनही कुणाच्या डोळ्यांवर न येणारा तरस.)