फेगिन, शायलॉक आणि टेलिव्हिजनचा पडदा

(रीडिंग, इंग्लंड येथून)

जुन्या ग्रंथांतील पात्रांना नवा वेष चढवून टेलिव्हिजनच्या पडद्यावर आणण्याची प्रथा इंग्लंडमध्ये आता चांगलीच रुळली आहे. शेरलॉक होम्सचेच उदाहरण घ्या. बीबीसीने २०१० साली सुरू केलेल्या मालिकेत हा गुप्तहेर घोडागाडीऐवजी टॅक्सीतून फिरू लागला आणि तारेऐवजी मोबाईल फोनवरून निरोप धाडू लागला. त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन मात्र १८८७ च्या मूळ कथेत अफगाणिस्तानच्या युद्धातून जखमी होऊन परतला होता, आणि सव्वाशे वर्षांनंतरच्या मालिकेतही तो तेथूनच परतला! लेखकांना त्यात काहीच बदलावे लागले नाही. आमच्या रीडिंगपासून सात मैलांवरच्या एका खेड्यात होम्सची एक कथा घडते. ती इथल्या शाळकरी मुलांना सांगितली की त्यांचे डोळे चमकतात.

होम्सचा कोट बदलला म्हणून कोणाचे मन दुखावत नाही. परंतु पात्र जेव्हा यहुदी असते, तेव्हा प्रश्न निराळा होतो. आपली मुले येथल्या शाळांत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ वाचतात आणि घरी येऊन त्याच गोष्टी पडद्यावर पाहतात. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आईबापांनी त्यांना काय सांगावे, याचा विचार समाजबांधवांनी करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

चार्ल्स डिकन्सचा आणि रीडिंगचा संबंध जुना आहे. येथील पार्लमेंटचे सभासद टॅलफर्ड यांनी ग्रंथकारांच्या हक्कांसाठी कायदा व्हावा म्हणून खटपट केली, आणि डिकन्सने आपली ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी त्यांनाच अर्पण केली. १८४१ साली रीडिंगतर्फे निवडणुकीस उभे राहण्याची विनंती त्याने नाकारली, पण टॅलफर्ड वारल्यावर १८५४ च्या डिसेंबरात येथे येऊन त्याने आपल्या ‘ख्रिसमस कॅरोल’चे वाचन केले.

अशा या दयाळू अंतःकरणाच्या लेखकाने १८३७ ते १८३९ या काळात ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहिताना पोरांना चोरी शिकविणारा फेगिन निर्माण केला, आणि त्याला नावाने हाक मारण्याऐवजी शेकडो वेळा ‘तो ज्यू’ असे म्हटले. येथे आपल्या पूर्वजांची आठवण होते. कोकणात आपल्या मंडळींना लोक ‘शनवार तेली’ म्हणत. ते नावही दुसऱ्यांनीच दिलेले. पण त्यात आपला घाणा होता आणि आपला शब्बाथ होता. तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे लोक, एवढाच त्याचा अर्थ. फेगिनच्या बाबतीत मात्र धर्माचे नाव दुष्कर्माला चिकटविले गेले. त्याच्या हातून पाळला गेलेला एकही शब्बाथ त्या पुस्तकात नाही. उलट आपल्या पहिल्याच प्रवेशात तो चुलीवर सॉसेजेस भाजत असतो!

डिकन्सने १८६० साली आपले लंडनचे घर डेव्हिस नावाच्या एका यहुदी गृहस्थास विकले. त्याच वर्षी सर फ्रान्सिस गोल्डस्मिड हे यहुदी गृहस्थ रीडिंगतर्फे पार्लमेंटमध्ये निवडून गेले. १९०० साली उघडलेले येथील सिनेगॉग ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला गोल्डस्मिड हेच नाव आहे. पुढे १८६३ साली मिसेस एलायझा डेव्हिस यांनी डिकन्सला पत्र लिहून, फेगिनमुळे एका संपूर्ण जमातीवर अन्याय झाल्याचे नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत कळविले. प्रथम त्याने आपल्या लेखनाचे समर्थन केले. मात्र ते पत्र त्याच्या मनात घर करून राहिले असावे. पुढच्याच कादंबरीत त्याने राया नावाचा सज्जन यहुदी म्हातारा रंगविला, आणि १८६७ च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धातून ‘ज्यू’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी काढून टाकला. त्याच वर्षी मिसेस डेव्हिस यांनी त्याला हिब्रू बायबलची प्रत भेट पाठविली. तेव्हा फेगिनमध्ये पहिली दुरुस्ती टेलिव्हिजनवाल्यांनी केली नाही. ती खुद्द लेखकाने केली, आणि एका यहुदी गृहिणीच्या पत्रामुळे केली.

मूळ चित्र जसेच्या तसे उचलले की काय होते, हे १९४८ च्या डेव्हिड लीनच्या चित्रपटाने दाखविले. अॅलेक गिनेस याने जुन्या छापील चित्रांबरहुकूम लांब नाक लावून फेगिन उभा केला. हत्याकांडास चार वर्षेही लोटली नव्हती. १९४९ साली बर्लिनमध्ये यहुदी लोकांनी तीव्र निदर्शने केली, आणि अमेरिकेत तो चित्रपट काटछाट करून १९५१ मध्ये दाखविण्यात आला. याउलट लायोनेल बार्ट या यहुदी संगीतकाराने १९६० च्या आपल्या संगीतिकेत फेगिनला गमत्या आणि लाडका करून टाकले.

तिसरी वाट बीबीसीच्या २००७ च्या मालिकेने चोखाळली. त्यात टिमथी स्पॉल याने फेगिनची भूमिका केली. मूळ कादंबरीत फाशीच्या आधी धर्मबांधव त्याच्याजवळ प्रार्थना करावयास येतात आणि तो शिव्याशाप देऊन त्यांना हाकलून लावतो. मालिकेत मात्र न्यायासनासमोर त्याला सांगण्यात येते की, ख्रिस्ताला शरण जाशील तर जीव वाचेल. आणि हा चोरांचा म्हातारा नकार देतो. त्याचा अपराध पुसलेला नाही. परंतु अपराध त्याचा, धर्माचा नव्हे, हे त्या नकाराने प्रेक्षकांस कळते. प्रस्तुत लेखकास हा बदल मूळ ग्रंथाशी बेइमानी वाटत नाही. डिकन्सने जी दुरुस्ती अर्धवट सोडली, तीच येथे पुढे नेली आहे.

शायलॉकची गोष्ट याहून अवघड आहे, कारण शेक्सपिअरने त्याच्यावर न्यायालयात धर्मांतर लादले आहे आणि तो शेवट कोणालाही बदलता येत नाही. जोनाथन मिलर यांच्या दिग्दर्शनाखाली लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रंगविलेला शायलॉक १९७३ साली टेलिव्हिजनवर आला. मिलर यांनी काळ एकोणिसाव्या शतकाचा घेतला. शायलॉक युरोपातल्या सभ्य सावकाराच्या पोशाखात वावरतो. नाटकाच्या अखेरीस मात्र कद्दीशचे सूर ऐकू येतात. मूळ संवादाला धक्का न लावता, जिवंत माणसासाठी मृताची प्रार्थना ऐकवून त्यांनी त्या शिक्षेचा खरा अर्थ उघड केला.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. राया कितीही भला असला तरी तो वाचकांच्या स्मरणात राहिला नाही, फेगिन राहिला. केवळ सद्गुणांचा पुतळा उभा केल्याने जुनी बदनामी धुऊन निघत नाही. जॉर्ज इलियटने १८७६ साली ‘डॅनियल डेरोंडा’मध्ये आपले यहुदीपण शोधणारा तरुण दाखविला. बीबीसीने २००२ साली त्यावर मालिका केली, आणि इस्राएलमध्ये या लेखिकेच्या नावाचे रस्तेही आहेत. त्या तरुणाला संशय, मोह आणि आईचे दुःख आहे, म्हणून तो माणूस वाटतो.

तथापि या सर्व कथांतील यहुदी युरोपचाच आहे. रीडिंगच्या शाळेत आपल्या मुलाला ‘तू भारतीय असून ज्यू कसा?’ असे विचारले जाते, तेव्हा या मालिका त्याच्या मदतीला येत नाहीत. त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या मंडळींनी कीर्तने सुरू केली आणि योसेफाची कथा साकी, दिंडी आणि ओवीत बसविली. याकोबाचा विलाप मराठी बापाच्या तोंडी ऐकून श्रोत्यांचे डोळे पाणावत. पण त्या कथेतले एकही तत्त्व ढळले नाही. पुढे ‘आलम आरा’ या १९३१ च्या पहिल्या भारतीय बोलपटासाठी ज्यांचे नाटक घेतले गेले, ते जोसेफ डेव्हिड पेणकर आपल्याच समाजाचे. जुनी कथा नव्या साधनाने सांगणे आपल्याला परके नाही.

म्हणून वाचक बंधुभगिनींना विनंती एवढीच की, अशी मालिका लागली असता टेलिव्हिजन बंद करू नका आणि मुलांना एकटेही सोडू नका. शेजारी बसा. मूळ पुस्तकात काय होते, काय बदलले आणि का बदलले, हे त्यांना सांगा. चूक वाटली तर मिसेस डेव्हिस यांच्याप्रमाणे सभ्य शब्दांत पत्र लिहा. एका पत्राने काय होऊ शकते हे आपण पाहिलेच. आणि घरात एखाद्या आजीला योसेफाचे कीर्तन पाठ असेल, तर ते तिच्याकडून आजच उतरवून घ्या. उद्या एखादा बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी पडद्यासाठी लिहू लागेल, तेव्हा ती वही त्यांच्या हाताशी असली पाहिजे.