स्वतःच्याच कॅमेऱ्यापुढे दिलेली साक्ष

‘बेन : डायरी ऑफ अ हेरॉइन ॲडिक्ट’ हा माहितीपट २००८ साली ब्रिटनमधील स्काय वाहिनीवरून प्रसारित झाला. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात एका सुस्थितीतील कुटुंबात वाढलेला बेन रॉजर्स हा तरुण त्याचा विषय आहे. त्यातील बरेचसे चित्रीकरणही त्याचेच आहे. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या बेनने व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर आपली दैनंदिनी नोंदवून ठेवली होती. २००७ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याने मागे ठेवलेल्या चित्रफिती आणि आईवडिलांचे कथन यांच्या आधारे दिग्दर्शक ऑली लँबर्ट यांनी हा माहितीपट सिद्ध केला.

व्यसनावरील माहितीपटांत सहसा तज्ज्ञ बोलतात आणि व्यसनी मनुष्य दुरून दिसतो. येथे मात्र बेन स्वतःच आपल्याशी बोलतो. तो व्यसन सोडण्याचा निश्चय सांगतो आणि पुन्हा सुईकडे वळतो. ‘हा आपल्याला फसवीत आहे’ असे पाहणाऱ्यास वाटू लागते. परंतु त्याचा निश्चय खरा आहे आणि त्याची ओढही खरी आहे. हीच या माहितीपटाची शिकवण होय.

असे का होते? हेरॉइन शरीरात गेल्यावर त्याचे मॉर्फिनमध्ये रूपांतर होते व ते मेंदूतील वेदना आणि सुख यांच्याशी निगडित केंद्रांवर परिणाम करते. वारंवार सेवनाने शरीर त्याला सरावते. मग पूर्वीइतक्या मात्रेने भागत नाही. मात्रा चुकली की काही तासांतच घाम, थरथर, उलट्या, अंगदुखी व निद्रानाश सुरू होतो. अशा वेळी मनुष्य सुखासाठी नव्हे, तर त्या यातना टाळण्यासाठी सुई हाती घेतो. म्हणून ‘मनावर घेतले असते तर सुटले असते’ हा निवाडा अपुरा ठरतो.

एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. काही काळ व्यसन थांबले की शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर जुनीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिन यांसारख्या औषधांनी वैद्यकीय देखरेखीखाली उपचार करता येतात व अनेकजण सावरतात. बेनची कथा म्हणजे प्रत्येक व्यसनाधीनाचे भवितव्य नव्हे.

माहितीपटातील काही दृश्ये विदारक आहेत. मुलांना तो एकट्याने पाहू देऊ नये. पालकांनी सोबत बसावे व नंतर मोकळेपणाने बोलावे. बेनच्या आईवडिलांनी मुलाची ही व्यथा जगासमोर येऊ दिली. आपल्या घरातील दुखणे मात्र लोकलज्जेपायी आपण वर्षानुवर्षे झाकून ठेवतो आणि उपचाराची वेळ निघून जाते. वाचकहो, आपल्या घरी वा शेजारी असे दुःख असेल तर भारतात १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेवर विनाशुल्क सल्ला मिळतो. पहिला दूरध्वनी कुटुंबीयांनी केला तरी चालतो.