असेसमेंट ऑफ परफॉर्मन्स युनिट

असेसमेंट ऑफ परफॉर्मन्स युनिट (लघुरूप: एपीयू) हा ब्रिटनच्या शिक्षण व विज्ञान खात्याने १९७५ साली सुरू केलेला विभाग होता. शालेय विद्यार्थ्यांच्या प्रामुख्याने गणित, भाषा व विज्ञान या विषयांतील कौशल्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण करणे हे त्याचे काम होते. १९८० ते १९८४ या काळात इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये दरवर्षी झालेली विज्ञानाची सर्वेक्षणे विशेष महत्त्वाची ठरली. कारण मुलांना शास्त्रीय शोध घेता येतो का, हे त्यांत प्रत्यक्ष कृतीतून तपासले गेले.

पद्धती

सर्वेक्षणासाठी ११, १३ व १५ वर्षे वयाच्या मुलांचा नमुना निवडला जाई. एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रश्नसंचाचा थोडाच भाग येई. सर्वांची उत्तरे एकत्र केल्यावर त्या वयोगटाचे चित्र स्पष्ट होई. विद्यार्थ्यांचे किंवा शाळांचे स्वतंत्र निकाल जाहीर होत नसत. नमुना मर्यादित असल्यामुळेच खर्चिक व वेळखाऊ प्रात्यक्षिके घेणे शक्य झाले.

आलेख व चिन्हांचा वापर, उपकरणांची हाताळणी, निरीक्षण, माहितीचा अर्थ लावणे, प्रयोगाची आखणी आणि प्रयोग पार पाडणे अशा सहा गटांत कौशल्ये विभागली होती. शेवटच्या गटातील एक प्रश्न प्रसिद्ध आहे: स्वयंपाकघरात वापरायच्या निरनिराळ्या कागदांपैकी कोणता कागद सर्वाधिक पाणी शोषतो? विद्यार्थ्यासमोर कागद, पाणी, मोजपात्रे इत्यादी साहित्य ठेवलेले असे. प्रशिक्षित परीक्षक शेजारी बसून त्याची प्रत्येक कृती तक्त्यात नोंदवी. तुकडे सारख्याच आकाराचे घेतले का, पाणी मोजले की अंदाजाने ओतले, मोजमाप पुन्हा करून पाहिले का, याकडे लक्ष असे. अशा नोंदी कोणत्याही उत्तरपत्रिकेतून मिळणे कठीण.

निष्कर्ष व पुढील काळ

लेखी आखणी आणि प्रत्यक्ष प्रयोग यांत तफावत आढळली. कागदावर आखणी करताना तुलना न्याय्य ठेवण्याचा उल्लेखही न करणारी काही मुले साहित्य हाती आल्यावर ती काळजी घेत. केवळ लेखी परीक्षेवरून अशा मुलांविषयी चुकीचे मत झाले असते. विद्युतमापक यंत्रांच्या वापरात मुलगे मुलींच्या पुढे दिसले. शाळेबाहेर अशा वस्तू हाताळण्याची संधी सारखी नसणे हे त्याचे एक कारण मानले गेले.

१९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि प्रत्येक विद्यार्थ्याची चाचणी आली व एपीयूचे काम संपुष्टात आले. १९९१ साली सात वर्षांच्या सर्व मुलांसाठी तरंगणे-बुडणे यांसारख्या प्रात्यक्षिकांचा प्रयोग झाला. परंतु संपूर्ण वर्ग सांभाळून एकेका गटाचे निरीक्षण करणे शिक्षकांना जड गेले. त्यानंतर या चाचण्या आटोपशीर करण्यात आल्या.