एक जनुक, अनेक बटणं

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीसएक लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्याच मज्जेत, त्याच मूलपेशींपासून जंतू गिळणाऱ्या पेशी, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सही घडतात. डीएनए सगळ्यांचा जवळपास एकच. मग कोणी काय व्हायचं हे ठरवतं कोण? पाठ्यपुस्तकाचं उत्तर तयार असतं: ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागी बसून जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. गाटा-१ तांबड्या पेशी घडवतो, पीयू.१ पांढऱ्या. उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. या नियामकांचं नियमन कोण करतं, हा खरा प्रश्न आहे आणि गेल्या पंचवीस वर्षांतलं मोलाचं काम त्याच्याभोवतीच झालं.

गाटा-१ची ओळख पटली १९८९ च्या सुमारास. १९९१ मध्ये हे जनुक मोडलेल्या उंदराच्या मूलपेशींपासून तांबड्या पेशी तयार होत नाहीत, हे दिसलं. पण २००२ मधला प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या बोस्टनच्या प्रयोगशाळेने जनुकाला हात न लावता त्याच्या आरंभाजवळचा एक चिमुकला तुकडा तेवढा काढला. उंदरांच्या तांबड्या पेशी जवळपास ठाकठीक राहिल्या. नाहीशा झाल्या त्या फक्त इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. म्हणजे जिन्यातला दिवा एकच, पण त्याची बटणं वेगवेगळ्या मजल्यांवर, असा हा मामला आहे.

पीयू.१ची तऱ्हा आणखी चमत्कारिक. इथे मात्रेला महत्त्व. २००० मध्ये शिकागोत डीकोटर आणि हरिंदर सिंग यांनी दाखवलं, की हे प्रथिन भरपूर असेल तर पेशी जंतू गिळणारी मॅक्रोफेज होते आणि बेताचं असेल तर बी-पेशी. ही मात्रा राखणारं मुख्य बटण उंदरात जनुकाच्या १४ हजार अक्षरं अलीकडे आहे. ते काढलं तेव्हा पीयू.१ पाचव्या हिश्श्यावर आलं आणि उंदरांना मायलॉइड रक्ताचा कर्करोग झाला. गंमत पुढे आहे. टी-पेशींत हाच तुकडा उलटं काम करतो, पीयू.१ला दाबून ठेवतो. तो गेल्यावर तिथे नको असलेलं पीयू.१ उगवलं आणि टी-पेशींचा कर्करोग झाला. एका वंशात चालू करणारं बटण दुसऱ्या वंशात बंद करतं! गाटा-१ आणि पीयू.१ यांच्या कुस्तीतून पेशीचं भवितव्य ठरतं, हे चित्र आजही अनेक पुस्तकांत छापलं जातं. २०१६ मध्ये टिम श्रोडर यांच्या गटाने एकेका पेशीचं चित्रण करून पाहिलं, तेव्हा निवडीच्या क्षणी अशी कुस्ती काही दिसली नाही.

या साऱ्याचा माणसाला उपयोग काय, याचं उत्तर बीसीएल११ए देतं. जन्मानंतर गर्भ-हिमोग्लोबिन बंद करणारा हा नियामक. तो हटवला तर सिकलसेल आणि थॅलसेमियाच्या रुग्णांना ते हिमोग्लोबिन परत मिळेल, हे २००८ मध्ये विजय शंकरन आणि ऑर्किन यांच्या कामातून सूचित झालं. अडचण अशी, की बी-पेशींनाही तो हवा असतो. मार्ग २०१३ मध्ये सापडला: डॅनियल बाउर आणि ऑर्किन यांना जनुकाच्या आतच, एरवी बिनकामाच्या समजल्या जाणाऱ्या भागात, फक्त तांबड्या पेशींत चालणारं बटण दिसलं. ते तोडलं तरी बी-पेशींतलं बीसीएल११ए शाबूत राहिलं. त्या बटणावर बसतो कोण? आपला गाटा-१च. नेमकी तीच जागा क्रिस्पर या जनुक-कात्रीने कापणाऱ्या ‘कॅसजेवी’ उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली.

विदर्भात आणि सातपुड्यात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे, म्हणून ही कथा आपलीही. पण कॅसजेवीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, शिवाय आधी केमोथेरपीने मज्जा रिकामी करावी लागते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला आज ते परवडणारं नाही. गर्भ-हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मात्र स्वस्त आहे. जनुकं कापणारी कात्री येईल तेव्हा येवो, ही गोळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळाली पाहिजे.