पंचमीचे दिंड

पहाटे साडेपाच. रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ पातेल्यात चढते. आज श्रावण शुद्ध पंचमी, नागपंचमी. तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. केज तालुक्यातल्या आमच्या घरी हे कसोशीनं पाळतात, म्हणूनच या ज्वारी-भाकरीच्या मुलखात आज गोडाचे दिंड वाफेवर शिजतात.

साडेसात. डाळ बोटांत दाबली की मऊ लागते. डाळ शिजलेलं पाणी, म्हणजे येळवणी, आमटीसाठी बाजूला काढली. डाळीला बरोबरीचा गूळ. इथं पुरण सैल राहिलं तर दिंड चाळणीतच फुटतात, म्हणून आटवताना घाई नको. उलथनं मधोमध उभं राहिलं की सुंठ-वेलची घालायची आणि गरम आहे तोवर पुरणयंत्रातून काढायचं. कणीक पुऱ्यांसारखी घट्ट, थोडं तेलाचं मोहन घालून.

नऊ. लाह्या-दूध घेऊन वारुळाला.

साडेदहा. खरं काम आता. पुरीएवढी पारी, मधोमध पुरण, चारी बाजू दुमडून चौकोनी घडी. आत्याबाई शेजारी बसून बघतात. "कडंला पातळ लाट गं. दुमडल्यावर तिथं दोन पदर होत्यात, कच्चं राहतंय." त्यांचं बोट नेमकं त्या जाड कडेवर.

अकरा. पाणी खळखळल्याशिवाय चाळणी ठेवायची नाही. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं की पांढरट पारी तुकतुकीत झालेली असते, तिच्यातून पुरणाचा पिवळा रंग दिसतो. गव्हातला स्टार्च साठ अंशांच्या पुढं पाणी पिऊन फुगतो, त्यानं ही झिलई येते. चिवटपणा मात्र ग्लुटेनचा. जपानची मोची, चीनचे तांगयुआन चिकट तांदळाच्या पिठाचे, त्यात ग्लुटेन नसतंच. तिथं चिवटपणाही स्टार्चचाच. कोकणातल्या मोदकाची उकड जिभेवर विरघळते, दिंड दाताला जरा ताण देतो. मला तो ताणच आवडतो.

साडेबारा. नैवेद्य. गरम दिंड मधोमध फोडून त्यात तुपाची धार, सोबत येळवणीची आमटी. गार झाले की पारी वातड होते, म्हणून जेवणारा आधी पाटावर हवा.

दोन. ताटं गल्लीत जातात. दिवाळीच्या आसपास इथली कितीतरी घरं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातील, दारांना कुलपं लागतील. पंचमीला मात्र सगळे गावात असतात, म्हणून पुरण दुप्पट घालायचं.

चार. पोरी झोक्यावर. उरलेले दिंड झाकून ठेवले. उद्या कढई चढली की तळायचे.