उतारावर न्यूट्रल: वाचतं काय, जळतं काय

"उताराले न्यूट्रल मार, गाडी फुकट जाते." परतवाड्याच्या चहाटपरीवर, अकोल्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे, संत्र्याची क्रेट भरणाऱ्या पोरांच्या तोंडी हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. आधी हे साध्या गिअरच्या पिकअपवाले सांगायचे. आता ऑटोमॅटिक डिझेल पिकअप घेतलेलेही चिखलदऱ्याहून उतरताना लिव्हर 'डी'वरून 'एन'वर सरकवतात.

फुकट काही जात नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो, आणि बंद पडू नये म्हणून ते डिझेल पीतच राहतं. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर चाकंच इंजिन फिरवतात. कॉमन रेल इंजिनाचा कॉम्प्युटर हे ओळखून इंजेक्टर बंद ठेवतो. आरपीएम आयडलजवळ येईपर्यंत डिझेल शून्य. जुन्या पंपाच्या इंजिनातही गव्हर्नर हेच काम करायचा. पटत नसेल तर मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा आणि आकडा स्वतः बघा. हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी थोडी लांब घरंगळते, हे मान्य. पण घाटात लांब जायचं कोणाला असतं? तिथे गाडी आवरायची असते.

आणि आवरायची कशाने? तीन टनांची भरलेली पिकअप १०० मीटर खाली येते तेव्हा जवळपास नऊ लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी ऊर्जा मोकळी होते. थोडी टायर आणि हवा खातात. गिअर नसेल तर बाकीची सगळी ब्रेकमध्ये जाते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. लायनर तापून वास सुटतो आणि पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही, ती त्यामुळेच.

ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक नुकसान आहे. गिअरबॉक्सच्या तेलाचा पंप इंजिनावर चालतो. 'एन'मध्ये इंजिन आयडलला आणि चाकांकडची बाजू मात्र भरवेगात, म्हणजे तेलाची गरज असते तेव्हाच पंप मंद. वर साठच्या वेगात परत 'डी' टाकला की आतल्या क्लच प्लेटांना दणका बसतो. चालत्या गाडीत 'एन' टाकू नका, असं टोयोटाच्या ओनर्स मॅन्युअलमध्येही छापलंय. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतं, कधीतरी उघडा.

बाकीच्या समजुती थोडक्यात. "ऑटोमॅटिक नाजूक असते": टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं तेच २.८ लिटर इंजिन मॅन्युअलसोबत ४२० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, ऑटोमॅटिकसोबत ५००. नाजूक खोक्यावर कोणती कंपनी जास्त जोर टाकेल?

"ऑटोमॅटिकचं तेल लाइफटाइम": गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते. आपल्याकडचं ऊन आणि ओझं पाहता मी त्याही आधी बदलेन. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं.

"बंद पडली तर टोचन लावून नेऊ": इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकांबरोबर गिअरबॉक्स कोरडा फिरतो. गाडी चारही चाकं उचलून नेणाऱ्या ट्रकवरच चढवा.

घटांगचा घाट असो की चिखलदऱ्याचा, उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. टॅकोमीटरचा काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर त्याला काही होत नाही.