कोळसा संपल्यानंतरची जमीन

काळेवाडीत राहून विदर्भातल्या कोळसा खाणींचा अभ्यास कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने ज्या विजेवर चालतात, तिच्यातला मोठा वाटा चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथे कोळसा जाळून तयार होतो. बराचसा कोळसा वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे ‘वेकोलि’च्या खाणींतला. त्यामुळे त्या खाणी संपल्यावर उरणाऱ्या जमिनीचा हिशेब आपल्यालाही चुकत नाही.

खुल्या खाणीत कोळशाच्या थरापर्यंत पोचण्यासाठी वरची माती आणि खडक काढून बाजूला रचतात. खाणपट्ट्यात त्याला नुसते ‘ओबी’ म्हणतात. खाण बंद झाली की एकीकडे हा डोंगर उरतो आणि दुसरीकडे पाण्याने भरलेला खड्डा. दोन्हींच्या दुरुस्तीचा खर्च येतो तो नेमका उत्पन्न थांबल्यावर. खरी अडचण ही आहे.

तिच्यावर कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये काढलेला तोडगा अनामत रकमेसारखा आहे. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये, असा तेव्हाचा दर. ही रक्कम खाणीच्या उरलेल्या आयुष्यात वाटून दरवर्षी एस्क्रो खात्यात भरायची. २०० हेक्टरांच्या, २० वर्षे चालणाऱ्या खुल्या खाणीचे मूळ दराने १२ कोटी होतात. म्हणजे वर्षाला ६० लाख, वर दरसालची ५ टक्के वाढ. जमीन सुधारत नेली की तपासणीनंतर पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळतात. मात्र दुरुस्तीचा खरा खर्च ठेवीपेक्षा जास्त असेल, तर ठेवीवर पाणी सोडणेच कंपनीला स्वस्त पडते. म्हणून दर योग्य असणे हा या व्यवस्थेचा प्राण आहे.

जुन्या खाणींचे काय? २००९ पूर्वी बंद पडलेल्या खाणींसाठी मंत्रालयाने २०२२ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण तिथे आधी साठवलेली ठेवच नाही. अमेरिकेने १९७७ च्या कायद्यात दोन्ही बाजू धरल्या : नव्या खाणींकडून हमी रक्कम, आणि चालू खाणींच्या प्रत्येक टनावर आकार घेऊन जुन्या, बेवारस खाणींसाठी निधी. खुल्या खाणीच्या कोळशावर तो आरंभी टनाला ३५ सेंट होता.

दुसरे प्रोत्साहन विक्रीचे. नागपूर आणि चंद्रपूरकडच्या कोळशावर ‘कामठी’ स्तराचा ठिसूळ वालुकाश्म आहे. तो फोडून धुतला की बांधकामाची वाळू मिळते. नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि गोंडेगाव येथे वेकोलिने ओबीतून अशी वाळू काढली. नद्यांतला उपसा त्या प्रमाणात टळतो आणि ढिगाराही घटतो. खाणीत साचलेले पाणी वीजकेंद्रांना देणे हाही त्यातलाच प्रकार.

तरीही बाजार विकण्याजोगे तेवढेच उचलतो. वाळू विकली जाते. खड्ड्याच्या काठाचा धोकादायक उतार, खालावलेली विहीर, हरवलेले गायरान यांना गिऱ्हाईक नसते. शिवाय जमीन कोणाची, हा प्रश्न उरतोच. कोळसाक्षेत्र अधिग्रहणाच्या १९५७ च्या कायद्याने संपादित झालेली जमीन खाण संपली म्हणून आपोआप शेतकऱ्याकडे परतत नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा जमिनी सौरऊर्जेसह विविध प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण मंजूर केले. मालकी सरकारी कंपनीकडेच राहते. जमीन सुधारण्याचे आर्थिक कारण त्यातून नक्कीच निर्माण होते. परंतु ते कंपनीसाठी. ज्याच्या वावराखाली कोळसा होता, त्याला मोबदला एकदाच मिळतो. सुधारलेल्या जमिनीच्या कमाईत त्याचा वाटा नसतो.

माझ्या मते दोन दुरुस्त्या हव्यात. एस्क्रोचा शेवटचा हप्ता सोडण्यापूर्वी ग्रामसभेचा दाखला बंधनकारक करावा, आणि भाडेपट्ट्याच्या उत्पन्नातला ठरावीक भाग मूळ खातेदारांच्या वारसांना मिळावा. जमीन पुन्हा नीट झाली की नाही, हे तिच्याशेजारी राहणाऱ्यांना आधी कळते. तपासनीस पाच वर्षांनी एकदा येतो. गावाची गुरे त्या उतारावर रोज चरतात.